सी++१७ वर गेल्यावर 'बाइट' अँबिग्युअस: दोष कुठल्या फाइलचा?

प्रश्न:
विंडोजवर चालणारा एक जुना प्रोजेक्ट सांभाळतोय. कंपायलरची सेटिंग सी++१४ वरून सी++१७ (सी++ भाषेची पुढची आवृत्ती) केली. बाकी एका ओळीलाही हात लावला नाही, तरी 'बाइट: अँबिग्युअस सिंबॉल' (म्हणजे या नावाचा नेमका अर्थ ठरत नाही) असे ढीगभर एरर. तेही सगळे आरपीसीएनडीआर.एच या विंडोजच्या हेडरमध्ये (इतर फाइलींत इन्क्लूड होणाऱ्या फाइलमध्ये)! ती फाइल मी कशी बदलणार?

उत्तर:
बदलूच नका, दोष तिचा नाही. तुमच्याच कुठल्या तरी हेडरमध्ये 'यूझिंग नेमस्पेस एसटीडी' (स्टँडर्ड लायब्ररीची नावं 'एसटीडी::' न लावता वापरू देणारी ओळ) असणार आणि ते हेडर विंडोज.एचच्या आधी इन्क्लूड होत असणार. विंडोज.एचमधून येणाऱ्या आरपीसीएनडीआर.एचमध्ये ग्लोबल 'बाइट' पूर्वीपासून आहे, अनसाइन्ड कॅरचा साधा टाइपडेफ, म्हणजे त्या प्रकाराला दिलेलं दुसरं नाव. सी++१७ मध्ये एसटीडी::बाइट आला. यूझिंगच्या त्या ओळीमुळे पुढच्या हेडरना दोन्ही 'बाइट' एकाच वेळी दिसतात, आणि कंपायलर आपल्या मनाने एक निवडत नाही.

प्रश्नकर्ता:
सापडलं! कॉमन हेडरमध्ये अगदी वरच होतं. पण ओळ काढली की स्ट्रिंग, व्हेक्टर काहीच ओळखत नाही. '_हॅज_एसटीडी_बाइट' हा एसटीडी::बाइट चालू-बंद करणारा मॅक्रो शून्य केला तर भागेल का?

उत्तर:
बिल्ड होईल, पण कृपा करून तिथे थांबू नका. 'बाइट'ने निदान एरर तरी दिला. समजा संख्या दोन मर्यादांच्या आत ठेवणारं तुमचं स्वतःचं 'क्लँप' फंक्शन आहे, तीन डबल (दशांश संख्या) घेणारं आणि डबल देणारं. 'क्लँप(५, ०, १०) / २' चं उत्तर २.५ यायचं. सी++१७ मध्ये एसटीडी::क्लँपही आलाय. अल्गोरिदम हेडर इन्क्लूड असेल तर तीन इंटसाठी (पूर्णांकांसाठी) तोच जास्त चपखल बसतो, म्हणून गुपचूप त्याची निवड होते, भागाकार पूर्णांकांचा होतो आणि उत्तर येतं २. ना एरर, ना वॉर्निंग. असला बग शोधताना माणूस गणिताचा कोड तपासत बसतो, हेडरकडे कोण बघतो?

आणखी एक उत्तर:
सगळं एका दमात करायची गरज नाही. हेडरमध्ये सरळ एसटीडी::स्ट्रिंग असं पूर्ण लिहा. सीपीपी फाइलमध्ये सगळे इन्क्लूड झाल्यावर 'यूझिंग एसटीडी::स्ट्रिंग' असं हवं तेवढंच नाव आणा. फार घाई असेल तर तूर्त आख्खं नेमस्पेस तिथे आणलंत तरी विंडोजचं हेडर आधीच वाचून झालेलं असतं, ते एरर जातील. क्लँपचा धोका मात्र त्या फाइलपुरता राहतोच, तेव्हा असल्या फाइली आधी साफ करा.