सिन बिन पाहिजे, पण निळं कार्ड कशाला? (आपल्या पेठांच्या फुटबॉलबद्दल पण बोला)

गॅलरीकर:
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅच बघणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. पंचाने शिट्टी मारली की चार-पाच जण अंगावर जातात, हातवारे, आईबहिणीवरनं शिव्या, गॅलरीतनं त्याला साथ, आणि दोन मिनिटं खेळ बंद. पंच काय करतो, एकाला यलो दाखवतो. तो यलो घेऊन हसत जाग्यावर जातो आणि पुढचा सगळा वेळ खेळतो. समोरच्या टीमला त्यातनं काय मिळालं? काहीच नाही. ही गोष्ट मला कायम खटकत आलीय, कार्डाचा फायदा त्या दिवशी ज्याच्यावर अन्याय झाला त्याला होतच नाही, झाला तर, यलो साठून बंदी आली की, पुढच्या कुठल्यातरी मॅचला तिसऱ्याच टीमला होतो.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) २०१७-१८ पासून खालच्या पातळीवरच्या ३१ लीगमध्ये सिन बिन करून बघितलं. पंचाशी हुज्जत घातली की यलो आणि १० मिनिटं मैदानाबाहेर, टीम तेवढा वेळ दहा जणांत. दोन सीझनमध्ये हुज्जतीचे प्रकार ३८ टक्क्यांनी कमी झाले आणि ८४ टक्के पंच म्हणाले की हे चालू ठेवा. मग २०१९-२० पासून त्यांनी तिथल्या सगळ्या ग्रासरूट फुटबॉलला ते लावलं. निळं कार्ड वगैरे काही नाही, तेच पिवळं कार्ड दाखवायचं आणि दोन्ही हातांनी बाहेरची दिशा दाखवायची.

सिन बिनसाठी वेगळं निळं कार्ड आणणार ही बातमी फेब्रुवारी २०२४ ला फुटली आणि त्या रंगाच्या भांडणात मूळ मुद्दाच बाजूला पडला. फिफाने लगेच हात वर केले, त्यांचा अध्यक्ष इन्फंटिनोने मार्चमध्ये निळ्या कार्डालाच रेड कार्ड दाखवलं, आणि लोकांना वाटलं विषय संपला. विषय संपलेला नाही. वरच्या लेव्हलला नको तर नको, पण आपल्यासारख्या ठिकाणी, जिथं पंचाला पोलीस बंदोबस्तात बाहेर काढायची वेळ येते, तिथं ह्याची सगळ्यात जास्त गरज आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

माजी_पंच:
गॅलरीकर, कळकळ पोचली. पण मी शिट्टी घेऊन मधे उभा राहिलोय, तुम्ही वर बसून बघताय, त्यामुळं दोन गोष्टी सांगतो. पहिली, हिशोब कोण ठेवणार? २००६ च्या वर्ल्ड कपला क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया मॅचमध्ये ग्रॅहम पोलसारख्या पंचाने शिमुनिचला तीन यलो दाखवले तेव्हा कुठं तो बाहेर गेला, नियमाने दोनलाच जायला पाहिजे होता. वर्ल्ड कपचा पंच, सोबत सगळा फौजफाटा, तरी चूक झाली. आपल्याकडं एका टीमचे दोघं आणि दुसरीचा एक असे तिघं वेगवेगळ्या वेळी बाहेर बसले तर कोण कधी आत यायचा ह्यावरनंच दंगा होईल. "दहा मिनिटं झाली की ओ पंच" म्हणून सगळी बेंच ओरडणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आज पंच यलो बिनधास्त काढतो कारण त्याचा लगेच परिणाम नसतो. उद्या त्याच यलोने टीम दहा जणांत येणार असेल तर ८० व्या मिनिटाला, एक-एक बरोबरी असताना, पाच हजार माणसांसमोर किती पंच ते काढतील? शिक्षा वाढवली की शिक्षा देणारा हात आखडतो, हे मी बघितलंय.

शिवाजीपेठ_डिफेंडर:
पंचकाकांना फुल सपोर्ट. भावा खेळात इमोशन असतंय. पेठेची इज्जत पणाला लागल्यावर माणूस बोलणारच की, पुतळा हाय काय तो? आणि दहा मिनिटं दहा जणांत म्हणजे काय होणार माहित्ये का, सगळी टीम बॉक्समध्ये जाऊन बसणार, कीपर क्रॅम्प आला म्हणून पडणार, थ्रो-इनला अर्धा मिनिट लावणार. बघायला आलेल्या माणसाने काय बघायचं? यूएफाचा (युरोपच्या फुटबॉल संघटनेचा) अध्यक्ष चेफेरिन तर म्हणला हे फुटबॉलच राहणार नाही. बरोबर बोलला.

कबड्डीवाला_कागल:
कबड्डीत ग्रीन कार्ड म्हणजे ताकीद, यलो म्हणजे दोन मिनिटं बाहेर, रेड म्हणजे मॅचमधनं बाहेर. हॉकीत ग्रीनला दोन मिनिटं, यलोला कमीत कमी पाच. रग्बीत यलोला दहा. कुठल्या खेळाचं वाटोळं झालं? कबड्डीपटूला इमोशन नसतं का? आमच्याकडं पोरगं पंचासमोर तोंड उघडायच्या आधी विचार करतं कारण दोन मिनिटांत मॅच फिरते हे त्याला म्हाईत असतं.

शिवाजीपेठ_डिफेंडर:
कबड्डी ४० मिनिटांची ओ, आणि आउट झालेला माणूस रिव्हायव्ह होतो, तिथं आत-बाहेर हाच खेळ आहे. हॉकीत पण प्लेयर सारखे बदलतात. फुटबॉलमध्ये गेला तो गेला. दहा मिनिटं थंड बसून परत आत आल्यावर हॅमस्ट्रिंग गेली तर जबाबदार कोण? दुसऱ्या खेळाची उदाहरणं इथं चालत नाहीत.

गॅलरीकर:
डिफेंडर भावा, वेळकाढूपणाचा मुद्दा नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलेला आहे. आयएफएबीच्या (फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था) नियमात ठरलंय की घड्याळ सुरू होतं ते खेळाडू बाहेर गेल्यावर खेळ परत सुरू होतो तेव्हा, आणि जखमी वगैरे कारणाने जो वेळ वाया जातो, ज्याचा इंज्युरी टाइम मिळणार असतो, तो शिक्षेत धरायचा नाही. म्हणजे कीपर पडून राहिला तर बाहेरचा पण तेवढा जास्त बसणार. हाफटाइम झाला तर उरलेली मिनिटं सेकंड हाफला. स्नायू थंड पडतात हे खरंय, पण बाहेर बसलेला वॉर्मअप करू शकतो, सबस्टिट्यूट करतातच की.

आणि माजी पंच, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मला नेमकं उलटं वाटतं. आज पंचाकडं दोनच गोष्टी आहेत, एक जिचा परिणाम शून्य आणि एक जिच्याने स्टेडियम पेटतं. रेड काढला की मॅच पूर्ण होईल का नाही ह्याचीच खात्री नसते, म्हणून तो रेड काढत नाही आणि यलोवर भागवतो. दहा मिनिटं बाहेर ही मधली शिक्षा आहे, खेळाडू परत येणार हे गॅलरीला पण माहीत असतं, डोकी तापली तरी एवढी तापत नाहीत. हात आखडतोय तो आत्ताच आखडतोय.

लेफ्टविंग_ताई:
मी मुलींच्या मॅच खेळते म्हणून वेगळं सांगते. आमच्यात मैदानावरच्या पोरी कमी बोलतात, घाण बोलणारे बेंचवरचे असतात. सिन बिनने त्यांचं काय होणार? २०१९ पासून कोच आणि बाकी स्टाफला पण यलो-रेड दाखवता येतं, नियम आहे, पण आमच्या मॅचला बेंचकडं वळलेलं कार्ड मी बघितलेलं नाही. आधी आहेत ते नियम वापरा. पंच एकटा पडतो हा खरा प्रॉब्लेम आहे, त्याच्या मागं आयोजक उभे राहत नाहीत, क्लबची माणसं ओळखीची असतात, मॅचनंतर त्याला त्याच गल्लीतनं घरी जायचं असतं. त्याच्या हातात तिसरी शिक्षा देऊन तो जास्त एकटा पडेल. सॉरी गॅलरीकर दादा पण हे मला पटत नाहीये.

एसटी_स्टँड_अल्ट्रा:
मी तर म्हणतो हुज्जतीवर थांबू नका, मुद्दाम केलेल्या फाउलला पण लावा. २०२१ ची युरो फायनल आठवा, इटलीच्या किएलिनीने इंग्लंडच्या साकाला कॉलर धरून मागं ओढला, सरळ सरळ, इंज्युरी टाइममध्ये. काय झालं? यलो. आणि इटली पेनल्टीवर जिंकली. २०२३ ला सिन बिनची चर्चा वर गेली तेव्हा एफएचा सीईओ बुलिंगहॅम असल्या मुद्दाम केलेल्या फाउलबद्दल पण बोलला होता. असल्या फाउलला दहा मिनिटं बाहेर बसवला असता तर एक्स्ट्रा टाइमला इटली दहा जणांत सुरू झाली असती.

गॅलरीकर:
अल्ट्रा, तो फाउल बघून माझंही रक्त उसळलं होतं, पण इथं मी तुझ्या विरोधात आहे. हुज्जत ओळखायला सोपी, अंगावर आला, हात उडवले, शिवी दिली, सगळ्यांना दिसतं. फाउल मुद्दाम होता का बॉलसाठी होता हा पंचाच्या नजरेचा प्रश्न आहे. त्यावर दहा मिनिटं ठेवली की प्रत्येक फाउलला "मुद्दाम नव्हता" म्हणून घेराव. जे कमी करायचंय तेच वाढणार.

ताई, बेंचचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि पंचामागं आयोजकांनी उभं राहिलं पाहिजे हे तर कुठल्याही नियमाच्या आधीचं काम आहे. पण दोन्ही एकत्र का नको? चौथा पंच टेबलावर घड्याळ आणि कागद घेऊन बसवणं हे आयोजकांचंच काम आहे, तो बसला की बेंचवर पण नजर राहते आणि बाहेरच्या खेळाडूचा वेळ पण.

माजी_पंच:
ह्यापेक्षा सोपी गोष्ट आहे. २०२४ च्या युरोत पंचाशी फक्त कॅप्टनने बोलायचं असं ठेवलं होतं, बाकी कोण आला की यलो. घेराव बराच कमी दिसला. ना घड्याळ, ना टेबल. केएसएने (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) सीझनच्या आधी सगळ्या कॅप्टनना बोलवून हे सांगावं, काम होईल.

कबड्डीवाला_कागल:
पण काका, त्यात पण शेवटी यलोच. म्हणजे फिरून तिथंच आलो.

शिवाजीपेठ_डिफेंडर:
युरोत ४० कॅमेरे असतात म्हणून खेळाडू शांत. इथं कॅप्टनच सगळ्यात पुढं असतोय.

गॅलरीकर:
बरोबर, आणि म्हणून दोन्ही पाहिजे. कॅप्टन सोडून कोणी आला की दहा मिनिटं बाहेर, कॅप्टनने शिवी दिली की तोही बाहेर. ह्यासाठी नियमात हात घालायची गरज नाही, युवा, व्हेटरन आणि ग्रासरूट फुटबॉलला तात्पुरतं बाहेर काढायची परवानगी आयएफएबीने आधीच दिलीय, फक्त राष्ट्रीय असोसिएशनची मंजुरी लागते. म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनला (एआयएफएफ) लिहायचं. सीनियर लीगला लगेच नको, आधी शाळांच्या आणि १४ वर्षांखालच्या स्पर्धांना एक सीझन करून बघा. अनिकेत जाधव आपल्याकडनं जाऊन २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, तसली पोरं अजून निघणार आहेत, आणि वरच्या लेव्हलला पंचाला नडणारा पोरगा पहिल्या ट्रायलला घरी जातो. त्याला ती सवय इथं बाराव्या वर्षी सीनियर टीमकडं बघून लागते.

लेफ्टविंग_ताई:
शाळांच्या स्पर्धेला माझी हरकत नाही. फक्त बेंचवरच्या सरांना पण तोच नियम लावा, पोराला बाहेर काढलं आणि सर ओरडत राहिले असं नको.

माजी_पंच:
१४ वर्षांखालच्यांना करा, टेबलावर माणूस देणार असाल तर मी स्वतः शिट्टी घेऊन येतो. सीनियरला मात्र माझा विरोध आहे आणि राहणार.