गोवा सुटायला १९६१ का उजाडावं लागलं?

बिनकामाचा_बाबुराव :
परवा ऑफिसात चहाच्या वेळी वाद झाला. मी आपलं सहज म्हटलं की १९ डिसेंबर म्हणजे तुमचा मुक्तिदिन ना, तर आमचा गोवेकर मित्र फटकन म्हणाला "मुक्ती तुम्ही म्हणता, आमकां कोणें विचारलें?" मला उत्तरच सुचेना, कारण आपलं ज्ञान शाळेतल्या चार ओळींचं, ऑपरेशन विजय म्हणजे भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, ३६ तासांत खेळ खल्लास, पुढचा धडा. पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला की इंग्रज ४७ ला गेले, फ्रेंचांनी ५४ ला पाँडिचेरी सोडली, मग पोर्तुगालसारखा टिचभर देश एवढी वर्षं कशाच्या जोरावर अडून बसला? नेहरूंनी उगाच वेळ काढला का? आणि अंगोला, मोझांबिक इकडेही हेच लोक होते, त्याचा गोव्याशी काही संबंध आहे की नुसता योगायोग? जाणकारांनी लिहा, नेहरू चांगले की वाईट हा आखाडा मात्र नको प्लीज.

जुना_बाजार :
शेवटच्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे बाबुराव. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला गोव्याचं एवढं प्रेम का, तर गोवा सोडला की आफ्रिका सुटणार ही भीती. गोव्यातून त्याला मिळत काय होतं, मँगनीज आणि लोखंडाची खनिजं सोडली तर फारसं काही नाही, पण "आम्ही वसाहतवाले नाहीच, आमचा देशच समुद्रापार पसरलाय" ही कथा एका ठिकाणी फाटली की सगळीकडे फाटणार. म्हणून १९५१ मधे त्यांनी घटनाच बदलली, वसाहत हा शब्द काढून "समुद्रापारचा प्रांत" असा घातला. म्हणजे कागदावर पणजी आणि लिस्बन एकाच देशातली दोन गावं! मग तुम्ही गोवा सोडा म्हणालात की तो म्हणणार, आमच्या देशाचा तुकडा कसा देऊ. त्यात १९४९ पासून नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी आघाडीत बसलेला, त्यामुळे अमेरिका इंग्लंड त्याला फार दुखवायला तयार नाहीत.

नेहरूंचं म्हणाल तर जगभर शांततेचं बोलणाऱ्या माणसाने स्वतःच सैन्य घुसवायचं ही अडचण खरीच होती. पण १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही निःशस्त्र हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं गेली, त्यानंतरही सहा वर्षं नुसती नाकेबंदी चालली हे मला आजही पटत नाही. नाकेबंदीने गोव्यातल्या सामान्य माणसाचे हाल, सालाझारला काय फरक पडतो, त्याने बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून मागवलं.

१९६१ च्या सुरुवातीला अंगोलात बंड पेटलं आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. गोव्यात शेवटी तीनेक हजार सैनिक होते, लढाऊ विमान एकही नाही. त्यांना लिस्बनहून हुकूम काय, तर शेवटच्या माणसापर्यंत लढा! गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाने तो मोडला आणि शरणागती दिली. परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं.

सालसेतकार :
बाबुरावांच्या मित्राचं म्हणणं मला समजतं, मी पण तिथलाच, पण ते अर्धंच खरं आहे. "कोणी विचारलं" म्हणताना आपण हे विसरतो की पोर्तुगीजांनी तर साडेचारशे वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. कुंकळ्ळी गावच्या लोकांनी १५८३ मधे विरोध केला तर त्यांच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला बोलावून मारलं. १७८७ चं पिंटोंचं बंड तर ख्रिस्ती पाद्र्यांनीच केलेलं, कारण गोऱ्या पाद्र्यांना बढती आणि यांना नाही. सत्तरी तालुक्यात राणे घराण्याचे लोक वर्षानुवर्षं लढले. त्यामुळे हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असं जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ना त्याला काही अर्थ नाही, गोवा काँग्रेस कमिटी १९२८ ला काढणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांबरोबर असणारे ज्युलियांव मिनेझिस, हे कोण होते? ख्रिस्तीच ना!

माझी आजी सांगायची की त्या दिवसांत पेपरच काय, लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागायची. आणि त्याच आजीला पोर्तुगीज शाळेतली गाणी शेवटपर्यंत पाठ होती. दोन्ही खरं.

विचारायचंच म्हणाल तर १६ जानेवारी १९६७ ला विचारलं की, महाराष्ट्रात जायचं का वेगळं राहायचं. वेगळं राहायच्या बाजूने १ लाख ७२ हजार मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार. मराठी माणसांना हे अजून टोचतं (इथेही कोणीतरी येईलच बघा) पण भारतात राहायचं का हा प्रश्न त्यात नव्हता हेही कबूल. माझ्या मते तुमच्या मित्राची खदखद त्या जागी आहे.

खिळे_मोजणारा :
येतोच मी, पण भांडायला नाही 😄 एक दुरुस्ती. "गोव्यात साडेचारशे वर्षं" हे सरसकट सगळ्या गोव्याला लागू नाही. तिसवाडी, बारदेश, सासष्टी ही सोळाव्या शतकातली, पण फोंडा, पेडणे, सत्तरी, काणकोण वगैरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेलं, म्हणून मोठी देवळं सगळी फोंड्याच्या बाजूला दिसतात, देव उचलून तिकडे नेले होते. आणि आमच्या वसईला विसरू नका, दोनशे वर्षं पोर्तुगीज, १७३९ ला चिमाजीअप्पांनी घेतली. रेवदंड्याजवळ कोर्लईला आजही पोर्तुगीज मिश्रित बोली घरात बोलतात.

आणि भाषेचं काय घेऊन बसलात, बटाटा, पाव, काजू, कोबी, चावी, घमेलं, पिंप, लिलाव, पगार सगळं त्यांचंच. तुरुंग पण! त्यांच्याच तुरुंगात बसायचं आणि शब्दही त्यांचाच वापरायचा.

बिनकामाचा_बाबुराव :
पगार पोर्तुगीज आहे?? म्हणूनच उशिरा येतो. बरं, सालसेतकार, तो समान नागरी कायदा गोव्यात आहे म्हणतात तो पण त्यांचाच ना?

सालसेतकार :
हो, १८६७ चा. लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा, मुलांना वगळून सगळं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, या गोष्टी चांगल्या आहेत. पण "समान" म्हणून जो गाजावाजा होतो तो जरा थंड घ्या. १८८० च्या हुकुमात हिंदूंसाठी सवलत होती, बायकोला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर दुसरी करता येईल. ख्रिश्चनांना चर्चमधल्या लग्नाचे वेगळे नियम. गंमत म्हणजे पोर्तुगालने स्वतः तो कायदा १९६६ मधे बदलला, आम्ही त्याच जुन्यावर, वारशाचा भाग अलीकडे बदलला तेवढाच.

आणि पासपोर्ट राहिला. १९६१ आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. माझे दोन चुलतभाऊ असेच लिस्बनचा कागद काढून इंग्लंडला गेले, पोर्तुगाल एकदा विमानतळावर पाहिलं असेल तेवढंच. भारताचं नागरिकत्व त्यात जातं, घरात अजून त्यावरून धुसफूस आहे.

जुना_बाजार :
आफ्रिकेचं अर्धवट राहिलं होतं. अंगोला, गिनी-बिसाव, मोझांबिक तिन्हीकडे युद्ध चाललं, शेवटी तिथे लढून वैतागलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधलं सरकार उलथवलं. गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केलं तेही त्यानंतर, १९७४ च्या डिसेंबरात. म्हणजे आपण तेरा वर्षं आधी घेतलेल्या गोव्याची पावती आफ्रिकेतल्या लढ्याने मिळवून दिली.

उलटाही धागा आहे. आकिनो द ब्रागांझा हा मूळ गोव्याचा माणूस मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यात होता, पुढे अध्यक्ष सामोरा माशेल यांचा सल्लागार. १९८६ ला माशेल यांचं विमान पडलं त्यात तोही गेला. मडगाव-पणजीत किती जणांना हे नाव माहीत असेल?

खिळे_मोजणारा :
मला तरी आत्ता कळलं. आणि गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे? १९५५ ला पकडले, गोवा सुटला तरी हे पोर्तुगालच्या तुरुंगात, १९६९ ला सुटका. सुधीर फडक्यांनी त्यांच्यासाठी किती खटपट केली, फडके स्वतः ५४ ला पोर्तुगीजांकडून दादरा नगर हवेली सोडवायच्या मोहिमेत होते.

बिनकामाचा_बाबुराव :
बाबूजी? बंदूक घेऊन? थांबा, यावर वेगळा धागा काढतो. मित्राला हा धागा पाठवलाय, त्याने फक्त पासपोर्टवाला प्रतिसाद वाचला आणि विचारतोय कागदपत्रं कुठली लागतात.