रात्री ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो, शिवाय फ्यूज उडतो: जुन्या गाडीचं वायरिंग कुठून तपासू?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी जुनी पेट्रोल सेडान आहे, साध्या बल्बच्या जमान्यातली. मागचे दिवे दोन फिलामेंटच्या बल्बचे (12 व्होल्ट; ब्रेकचं फिलामेंट 21 वॅट, टेलचं म्हणजे हेडलाइटबरोबर मागे लागणाऱ्या दिव्याचं 5 वॅट), तिसरा ब्रेक लाइट डिकीच्या झाकणावर. त्रास दोन आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, तेच कळत नाहीये.

पहिला त्रास: दिवसा ब्रेक दाबला तर दोन्ही बाजू पेटतात, डावी किंचित मंद. पण हेडलाइट लावून ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा उजेड वाढायच्या ऐवजी उतरतो आणि त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणायला लागतो. उजवी बाजू आणि वरचा तिसरा दिवा अगदी ठणठणीत.

दुसरा: ब्रेक लाइटचा 15 अँपिअरचा फ्यूज अधूनमधून उडतो. उभ्या गाडीत डिकी उघडून कितीही वेळा पेडल दाबा, काही होत नाही. चालत्या गाडीत मात्र कधीतरी जातो. नवा घातला की पुन्हा बरेच दिवस शांतता.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही बल्ब नवे घातले, होल्डर घासून साफ केले. पेडलवरचा स्विच व्यवस्थित चालतो, दाबताक्षणी उजवा दिवा लागतो. डावा बल्ब काढून होल्डरमधल्या ब्रेकच्या टोकाला मीटर लावला, काळी पिन बॉडीला. 12.4 व्होल्ट आले. एवढे पुरेपूर व्होल्ट येत असताना दिवा मंद कसा?

एका गॅरेजमध्ये 30 अँपिअरचा फ्यूज टाकून मोकळं व्हायला सांगितलं. ते मला पटलं नाही. 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, दोन मिळून साडेतीन, तिसरा दिवा धरला तरी पाचच्या आसपास. मग 15 चा फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर थेट बॉडीला टेकते आहे. मोठा फ्यूज टाकला तर फ्यूजऐवजी वायर तापणार, तीही गालिच्याखाली, जिथे मला दिसणारही नाही.

आधीच्या मालकाने रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला होता, त्याची वायर डिकीच्या झाकणातून जाते. सगळी गाडी उघडण्यापूर्वी कुठे हात घालू ते सांगा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला मी थांबते आहे हे सांगायला तेवढेच दिवे आहेत, त्यामुळे हे सुटेपर्यंत रात्री गाडी काढत नाहीये.

प्रतिसाद

ताई, 30 चा फ्यूज टाकला नाहीत हे फार बरं केलंत.

तुमचे त्रास दोन वेगवेगळे आहेत असं मला वाटतं. पहिला शंभर टक्के डाव्या बाजूच्या अर्थिंगचा, म्हणजे करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा. त्या दिव्याच्या खोक्यात ब्रेक, टेल आणि इंडिकेटर तिघांची अर्थ एकच पट्टी असते. ती पट्टी बॉडीला नीट जोडलेली नसली की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट परतीची दुसरी वाट शोधतो. दिवसा त्याला एक जादा वाट मिळते: त्याच बल्बच्या टेल फिलामेंटमधून उलटा टेलच्या वायरीत, तिथून उजव्या आणि पुढच्या पार्किंग बल्बांमधून बॉडीला. म्हणून दिवसा दिवा जवळपास ठीक दिसतो. रात्री तुम्ही लाइट लावता तेव्हा टेलच्या वायरीत स्वतःचेच 12 व्होल्ट असतात, ती वाट बंद. उरतो इंडिकेटर. करंट मागच्या डाव्या इंडिकेटरमधून पुढच्या डाव्या इंडिकेटरकडे जाऊन तिथे बॉडीला मिळतो. अंधारात कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि पुढचा डावा इंडिकेटर बघा. कदाचित तोही अगदी पुसट पेटलेला दिसेल.

आता मीटरचं. बल्ब काढल्यावर करंटच वाहत नाही, त्यामुळे व्होल्ट कुठे पडणार? एक तार शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला 12 व्होल्ट दाखवते. शिवाय काळी पिन बॉडीला लावलीत, म्हणजे होल्डरची अर्थ तपासलीच गेली नाही. बल्ब जागेवर ठेवा, लाइट लावा, ब्रेक दाबून धरा. मीटर डीसी व्होल्टवर, लाल पिन होल्डरच्या अर्थ पट्टीला, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा रंग नसलेल्या कोऱ्या पत्र्याला. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंत असेल तर अर्थ चांगली. एक-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त आले तर चोर सापडला. खात्री करायला पट्टीपासून कोऱ्या पत्र्यापर्यंत एक सुटी वायर धरा. सगळं जागच्या जागी सुरळीत झालं पाहिजे.

प्रतिसाद

सरळ एलईडी बल्ब टाका, करंट कमी लागतो, कटकट संपली.

प्रतिसाद

एलईडीने खराब अर्थ दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते. वर थोड्याशा उलट्या करंटवरही एलईडी पेटतात, म्हणजे नको तेव्हा नको तो दिवा लागलेला दिसेल. आधी वायरिंग निस्तरू दे.

फ्यूजबद्दल लिहितो. उघड्या डिकीत उडत नाही, बंद डिकीत चालताना उडतो, आणि झाकणात ब्रेकची वायर आहे. पहिला संशय बिजागरीपाशी. झाकण हजारो वेळा उघडतं-मिटतं, आणि वायरीचं आवरण रबरी नळीच्या आत, नेमकं डोळ्याआड तडकतं.

एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांना 21 वॅटचा एक बल्ब वायरीने जोडा. मागचे दोन्ही ब्रेक बल्ब काढा, तिसऱ्या दिव्याचा कनेक्टर त्या दिव्यापाशीच सोडवा. सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवून ब्रेक दाबलेला ठेवा. आता करंटला जायला जागाच नाही, म्हणजे फ्यूजच्या जागचा बल्ब विझलेला असायला हवा. वायर पत्र्याला टेकली रे टेकली की तो भगभगीत पेटेल, आणि शॉर्ट झाला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाणार नाही. मग डिकीचं झाकण सावकाश खालीवर करा. मधेच थांबवून बघा, वायरिंगचा जुडगा हलवा. पेडल सोडूनही बल्ब पेटत असेल तर मात्र दोष स्विचच्या अलीकडे, फ्यूजबॉक्सच्या बाजूला शोधावा लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज दोन्ही तपासण्या केल्या.

डाव्या अर्थ पट्टीवर, लाइट लावून ब्रेक दाबल्यावर, 4.1 व्होल्ट! उजवीकडे 0.05. पुढचा डावा इंडिकेटर खरंच अंधारात तांबूस दिसत होता. सुटी वायर पत्र्याला धरली आणि डावी बाजू उजवीसारखी लख्ख. डिकीच्या डाव्या कुशीतला फायबरचा पत्रा काढला तेव्हा अर्थचा बोल्ट सापडला. थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरा थर होताच, पण खरी गोम खाली होती: थिंबलखालच्या पत्र्यावर गाडीचा रंग. कधीतरी त्या कोपऱ्याचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं दिसतंय आणि रंगावरच बोल्ट आवळलाय. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं थिंबल दाबून बसवलं, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली.

फ्यूजच्या जागी बल्ब लावून झाकण खाली आणलं. अर्ध्यावर आल्यावर बल्ब एकदम पेटला, आणखी खाली नेल्यावर विझला. पेडल सोडल्यावर कुठेच पेटत नव्हता. बिजागरीवरची रबरी नळी मागे सरकवली. कॅमेऱ्याची वायर नायलॉनच्या पट्टीने मूळ जुडग्याला करकचून बांधली होती, त्यामुळे सगळा बाक त्या एकाच ठिकाणी पडायचा. ब्रेकच्या वायरीचं आवरण तिथे गोल फाटलेलं, आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या, आणि उरलेल्या बिजागरीच्या कडेला घासून चमकत होत्या.

आता तिथेच कापून जोडू का? सोल्डरिंग येतं मला.

प्रतिसाद

तिथे अजिबात जोडू नका. बाक पडतो त्या भागात सांधा नको, आणि सोल्डर तर नकोच. सोल्डर वायरीत थोडं शोषलं जातं, तेवढा भाग कडक होतो आणि त्याच्या काठावर वायर पुन्हा तुटते. खराब तुकडा दोन्हीकडे लांबपर्यंत कापून टाका. बारीक तारांची लवचीक वायर, मूळच्याइतक्या किंवा किंचित जास्त जाडीची, मध्ये घाला, म्हणजे एक सांधा झाकणाच्या आत आणि दुसरा बॉडीच्या आत जाईल. दोन्ही क्रिंप करा (धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबा), वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. नुसतं पिळून टेप गुंडाळू नका, उन्हाने टेपचा गोंद सुटतो. शेजारच्या वायरीही बदलणार असाल तर सगळे सांधे एका रेषेत आणू नका, नाहीतर जुडगा नळीत शिरणार नाही. कॅमेऱ्याची वायर वेगळी, सैल वळण देऊन न्या.

धागाकर्ती

तसंच केलं. मूळचा 15 अँपिअरचा फ्यूज घातलाय, झाकण कसंही हलवलं तरी शाबूत आहे. डाव्या अर्थवर आता 0.06 व्होल्ट. जुडग्यात नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरीलाही तडे दिसले, ती अजून तुटलेली नाही पण तीही बदलून घेते आणि मग डिकीचे पत्रे बसवते. उजव्या बाजूचा अर्थचा बोल्टही उघडून घासून ठेवला.