कँडी, खांड आणि खडीसाखर

बडोदेकर : मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करतेय. आजोबा खिशातून कँडी काढून नातवाला देतात. मी ‘खडीसाखर’ लिहिलं, पुण्याच्या मावसबहिणीने खोडलं. पण कँडी मुळात आपलीच ना? संस्कृत खंड, फारसीत कंद, अरबीत कंदी, मग फ्रेंचांची ‘सुक्र कांदी’, तिथून इंग्रजीत. आमची आजी साखरेला खांडच म्हणायची. बहीण म्हणते, तो गुजराती शब्द.

मांडवीची सून : लग्न होऊन साताऱ्याहून इथे बडोद्याला आले, तेव्हा वाण्याकडे साखर मागितली. त्याने खडीसाखर बांधून दिली! इथे साकर म्हणजे खडीसाखर आणि चहात घालायची ती खांड. सासूबाईंनी पुडी उघडून देवापुढे ठेवली आणि मला परत पाठवलं. आता माहेरी गेले की माझ्याच तोंडून खांड निघतं, आणि वहिनी हसते.

मावसबहीण, पुणे : खोडलं ते मीच. मूळ काहीही असो, आजच्या मुलाला कँडी म्हटल्यावर कागदात गुंडाळलेली गोळी दिसते. खडीसाखर वाचून त्याला प्रसाद आठवेल. आणि खांड बडोद्याबाहेर कोणाला कळणार?

रावपुरा : कळेल न कळेल, पण परका का ठरवता? खंड, खांडोळी आपलेच ना? आणि गुलकंद तर पुण्यातही खातात. गुल म्हणजे फूल आणि कंद म्हणजे तोच खंड, फारसीतून फिरून परत आलेला. तो चालतो, मग शेजारच्या घरातून आलेली खांड का नको? बडोद्याच्या मराठीला भेसळ म्हणणं मला लागतं. आमच्या चार पिढ्या हीच बोलल्या.

कापूसवाले : इंग्रजीत आणखी एक कँडी आहे, वजनाची, म्हणजे आपली खंडी. वीस मणांची. कापसाचा भाव अजून खंडीवरच निघतो, 356 किलोची. श्रीलंकेतलं कँडी मात्र वेगळं. ते सिंहली ‘कंद’वरून, म्हणजे डोंगर.

मांडवीची सून : मग खांडवी? माझ्या माहेरी ती गुळाची, गोड. इथली बेसनाची, तिखटमिठाची, जिला आपण सुरळीच्या वड्या म्हणतो. मला वाटतं दोन्ही खंडावरूनच, कापून तुकडे करतात म्हणून.

रावपुरा : इथली कापतात कुठे, गुंडाळतात!

मांडवीची सून : आधी पट्ट्या कापतात, मग गुंडाळतात. रोज करते मी.

बडोदेकर : आजोबांच्या खिशात काय ठेवू, ते सांगा ना कोणी. उद्या मजकूर द्यायचाय.

कापूसवाले : सुरळीच्या वड्यांना तुमच्याकडे ताक किती घालता?