मंगळवेढ्याकडच्या वाड्याचा व्हिला: याला जतन म्हणायचं?

पांढरीतला:
काल इथं एकानं मंगळवेढ्याकडच्या शेतातल्या जुन्या वाड्याचे फोटो टाकले. आता तिथं आलिशान व्हिला, दारात पोहायचा तलाव, धान्य साठवायच्या जमिनीखालच्या पेवात वाईनच्या बाटल्या. वर ओळ: 'वारसा असा जपावा.' फोटो नीट बघा ओ! माळवद, म्हणजे तुळयांवरचं मातीचं सपाट छत, उतरवून स्लॅब टाकलाय. तुळया दिसतात त्या नुसत्या खालून बसवलेल्या. पांढऱ्या मातीचा जाड थर वर होता म्हणून मे महिन्यात 42-43 अंशातही खोली गार राहायची. आता खोलीखोलीत एसी. दगडाच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट. भिंतीतली ओल बाहेर पडणार कुठून? दर्शनी भिंत ठेवली आणि घर पाडलं.

चाटीगल्ली:
बोलायला काय जातंय? आमचा वाडा बघा येऊन. वारसदार पुण्या-मुंबईला, सातबाऱ्यावर नावांची रांग, सही कुणी करेना. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायला गडी मिळत नाही. एका पावसात मागची बाजू बसली, तुळया विकाव्या लागल्या. स्लॅब तर स्लॅब, त्यांचं घर उभं तरी आहे.

भीमाकाठ:
स्लॅबचं राहू द्या, तलावात पाणी कुठलं? आमचं गाव उजनी धरणात गेलं. वाडा, देऊळ, सगळं. 1980 ला धरण पूर्ण झालं आणि आम्ही माळावरच्या पत्र्यात आलो. 2024 च्या उन्हाळ्यात तीच उजनी मायनस साठ टक्क्यांच्या घरात, म्हणजे तळाचा मृतसाठाही उपसलेला, सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळ. आणि पाहुण्यांनी डुंबायचं?

चाटीगल्ली:
तलावातलं पाणी फिल्टर करून तेच फिरवतात. उसाला किती लागतं ते बोला की! तिथं सगळ्यांची दातखीळ बसते.

भीमाकाठ:
ऊस काढू नका. उसावर पोरं शिकलीत आमची. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला जाऊन तुमचा फिल्टर समजावा.

मालदांडी:
ऊस काढावाच लागेल. भीमाकाठ, राग मानू नका, पण उजनीचं पाणी तलावानं नाही, उसानं प्यायलं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, पाटाचं पाणी लागत नाही. ती ज्वारी पेवात राहायची. पेव उघडलं की आजोबा आधी वाफ जाऊ द्यायचे, मग कंदील सोडायचे. विझला तर आत श्वासापुरती हवा नाही समजून कुणाला उतरू देत नसत. दुष्काळात गाव त्या पेवावर जगायचं. त्यात बाटल्या बघून जीव तुटला माझा.

भीमाकाठ:
ज्वारीला भाव द्या, उद्या ऊस मोडतो.

पांढरीतला:
माती चढवायला माणसं नाहीत हे खरंय, तेवढं मान्य. पण पैसा ओतणाऱ्याला चुना मळणारे कारागीर शोधता आले असते. नसतील शोधायचे तर हॉटेल म्हणा, वारसा म्हणू नका.

चाटीगल्ली:
बरं, हॉटेल. गावातल्या बायकांना तिथं भाकरी थापायचं काम मिळालंय, तेही लिहा मग.