मदत हवी आहे: मेटोप्रोलॉल चालू असताना नाडी ४७, बाबांनी गोळीच बंद केली

बाबा ७१ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून मेटोप्रोलॉल ५० (दिवसातून एकदा घ्यायची, हळूहळू विरघळणारी) चालू आहे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड. आजवर नाडी ६०-६५ असायची, तक्रार काही नव्हती.

गेले तीन आठवडे सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. मनगटावरच्या स्मार्टवॉचमध्ये ४६ दिसलं, तेव्हा वाटलं घड्याळच गंडलंय. मग त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवून भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. ४७. दुसऱ्या दिवशी ४८.

बाबांनी यावर परस्पर उपाय काढला. "नाडी कमी करणारीच गोळी आहे ना? मग आता कशाला घ्यायची?" परवापासून बंद. मला काल रात्री स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजल्यावर कळलं.

हार्टच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारी आहे. तोवर गोळी बंद राहिली तर चालेल का? आणि डोस तोच असताना आत्ताच असं का व्हावं? मध्ये सर्दीची गोळी दोन दिवस घेतली होती, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन अधूनमधून असतं. बाकी नवीन औषध काहीच नाही.

प्रतिसाद १

सोमवारची वाट बघू नका, आत्ताच फोन लावा. नाडी ५० च्या खाली आणि वर अंधारी, हे एक कारण. गोळी एकदम बंद केली हे दुसरं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, तो ॲड्रेनॅलिनला हृदयाच्या पेशींवरच्या जागांवर बसू देत नाही. महिनोन्महिने असं चाललं की शरीर त्या जागा वाढवून ठेवतं. गोळी अचानक थांबली की सगळ्या जागा एकदम मोकळ्या होतात, ठोके आणि बीपी उसळतात. ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांच्यात छातीत दुखण्यापासून पुन्हा अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून बंद करायची झाली तरी एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत नेतात, तेही डॉक्टर सांगतील तसं. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई मात्र नको. छातीत दुखलं, धाप लागली किंवा शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सी.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, त्याने आणि आयबुप्रोफेननेही बीपी वाढू शकतं. तेही डॉक्टरांना सांगा. पण नाडी त्यांनी सहसा एवढी उतरत नाही. ती उतरवणारी म्हणजे व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिजॉक्सिन ही हृदयाची औषधं. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे मेटोप्रोलॉल रक्तात साचतं. यातलं काही? डोळ्यांत थेंब वगैरे?

धागाकर्ती

थेंब आहेत! काचबिंदू निघाला म्हणून २५ दिवसांपूर्वी सुरू झाले. मी ते औषधांत धरलेच नव्हते. बाटली आणून बघितली: टिमोलॉल ०.५ टक्के, दिवसातून दोनदा. नेत्रतज्ज्ञांनी दमा आहे का विचारलं होतं, आम्ही नाही म्हणालो. हृदयाची गोळी सांगायची राहिली.

प्रतिसाद २

सापडलं बहुतेक. टिमोलॉल हाही बीटा ब्लॉकरच. थेंब डोळ्यातून अश्रूनलिकेवाटे नाकात उतरतो आणि तिथून सरळ रक्तात जातो. गोळीसारखा आधी यकृतातून गाळला जात नाही, म्हणून एवढासा थेंबही नाडीवर दिसतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरला तर रक्तात कमी जातं. थेंबही मनाने बंद करू नका, डोळ्याचा दाब वाढेल. दुसऱ्या प्रकारचे थेंब मिळतात. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

प्रतिसाद ३

अंधारी आल्यावर साखरही तपासा. ग्लिमेपिराइडने ती खाली जाऊ शकते, आणि एरवी आपल्याला सावध करणारी धडधड आणि हातांची थरथर बीटा ब्लॉकर झाकून टाकतो. घाम मात्र येतो. विनाकारण दरदरून घाम फुटला की ग्लुकोमीटर काढायचा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फोन केला, लगेच बोलावलं. ईसीजीत हार्ट ब्लॉक (ठोक्यांचा विद्युत संदेश अडणं) नाही. नेत्रतज्ज्ञांनी थेंब बदलले. मेटोप्रोलॉल उद्यापासून २५, आठवड्याने परत दाखवायचं. साखर आज सकाळी ११२ होती. बाबा मात्र अजून म्हणतायत, "डोळ्याचं औषध हृदयाला कसं लागेल?"

एक राहिलं. घरात ५० च्या गोळ्या उरल्यात, अर्ध्या करून चालतील का?

प्रतिसाद १

गोळीवर मधोमध रेघ असेल तर तिथून मोडलेली सहसा चालते, तरी फार्मासिस्टला स्ट्रिप दाखवून खात्री करा. अर्धी असली तरी चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. आणि जेवणानंतर, रोज एकाच वेळी.