मॅटवर उतरलेली मस्ती: तुमचे अनुभव सांगा

तपकिरीपट्टा:
काल घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्याशा क्लासमध्ये एक धिप्पाड माणूस छाती फुगवून येतो, दोघातिघांना ढकलतो आणि मग एक बारकीशी मुलगी त्याला दोन सेकंदांत उताणा पाडते. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी जुडो करायचे हे सगळ्यांना माहीत, म्हणून मुद्दाम मला टॅग केलेलं. मी फोन उलटा करून ठेवला.

आमच्याकडेही असाच एक आला होता. नव्वद किलोचा असेल. हात मिळवतानाच बोटं चुरडायचा. रांदोरीत (म्हणजे खुल्या सरावात) नवख्या पोरांना पाडून वर मुद्दाम अंग टाकायचा, आणि 'काय, लागलं का?' म्हणून हसायचा. सर दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी मला त्याच्यासमोर उभं केलं. मी ५८ किलो, नुकताच तपकिरी पट्टा (काळ्याच्या आधीचा) मिळालेला, डोक्यात हवा गेलेली.

तो सगळा भार पुढे टाकून ढकलत होता, त्यामुळे फार काही करावंच लागलं नाही. ताई-ओतोशी. पाय आडवा टाकला, ओढलं, गेला. पण ज्यांनी जुडो केलाय त्यांना माहीत आहे की समोरच्याला पाडताना त्याची बाही धरून वर ओढून ठेवायची असते. त्यामुळे तो पाठीवर नीट पडतो. मी बाही सोडली. तो उजव्या खांद्यावर आपटला. जो आवाज आला तो मॅटचा नव्हता.

मागे पंधराएक जण टाळ्या वाजवत होते. सर आधी त्याच्याकडे गेले, मग माझ्याकडे आले. "बाही का सोडलीस?" म्हटलं, निसटली. ते म्हणाले, "निसटते तेव्हा बोटं ओढली जातात. तू उघडलीस."

त्यानंतर महिनाभर मला रांदोरी बंद. फक्त उके, म्हणजे पाडून घेणारी. रोज पांढऱ्या पट्टेवाल्यांकडून शंभरेक वेळा पडायचं. तो माणूस परत आला नाही.

तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा. कुस्ती, बॉक्सिंग, कराटे, काहीही चालेल. दुसऱ्याची मस्ती उतरलेली किंवा स्वतःची.

खिडकीतला:
ताईंनी ताई-ओतोशी मारला 😂😂
सॉरी, राहवलं नाही. नंतर नीट वाचून प्रतिसाद देतो, जागा राखून ठेवली आहे.

मधलीसुट्टी:
"तू उघडलीस" वाचून अंगावर काटा आला.

सोळाऔंस:
माझी स्वतःची. बॉक्सिंग सुरू करून तीन महिने. बॅग बडवून बडवून मी स्वतःला मोठा मुष्टियोद्धा समजायला लागलो होतो. क्लासला एक काका यायचे, पन्नाशीचे, पोट सुटलेलं, कायम एका कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या मारत असायचे. कोच म्हणाले यांच्याबरोबर तीन राउंड कर, हलकं. मी मनात म्हटलं, काकांना सांभाळून घेऊ.

पहिल्या राउंडला माझा एकही ठोसा लागला नाही. ते पळतही नव्हते हो! नुसतं खांदा इकडे, डोकं तिकडे. आणि त्यांचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) माझ्या कपाळाला येऊन टेकायचा. मारायचे नाहीत, टेकवायचे. दारावर टकटक केल्यासारखं. मला राग आला आणि दुसऱ्या राउंडला मी पूर्ण जोर लावून मारायला लागलो. तेव्हा एकच दिला त्यांनी, डाव्या हाताचा हूक, माझ्या उजव्या बरगड्यांखाली. यकृतावरचा ठोसा ज्याने खाल्लाय त्यालाच कळेल. लागतो तेव्हा काहीच होत नाही. मनात येतं, हं, एवढंच? आणि मग पाय आपले राहत नाहीत. शुद्ध पूर्ण असते, सगळं दिसत असतं, फक्त उठता येत नाही.

काका गुडघ्यावर बसून म्हणाले, "आधी श्वास सोड. घ्यायच्या मागे लागू नको."

खरं सांगू का, नम्र वगैरे मी लगेच झालो नाही. दोन आठवडे काकांशी बोललोच नाही. त्यांच्या त्या शांतपणाचाच जास्त राग यायचा.

खिडकीतला:
@सोळाऔंस, काका अजून येतात का?

सोळाऔंस:
येतात. आता मीच कोपऱ्यात दोरी मारतो. पोटही सुटलंय, म्हणजे अर्धी तयारी झाली.

गाठसैल:
मोबाइलवरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्या जिउ-जित्सूत मस्ती कुणाच्या अंगात आहे ते टॅप करण्यावरून (हार मानली म्हणून हाताने थाप मारण्यावरून) कळतं. दोन प्रकारचे लोक: एक जे टॅप करत नाहीत, दुसरे जे समोरच्याने टॅप केल्यावरही अर्धा सेकंद धरून ठेवतात. दुसरे जास्त वाईट. आणि हील हूकमध्ये तर जास्तच. गळा आवळला तर समजतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस घाबरून हात आपटतो. हील हूकमध्ये टाच पिळली जाते पण जातो तो गुडघा, आणि दुखायला लागेपर्यंत अस्थिबंधाचं काम झालेलं असतं. म्हणून तर आयबीजेजेएफने (जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) २०२१ पर्यंत तो कुणालाच करू दिला नाही, आणि आता दिलाय तोही गीशिवायच्या (जाड जॅकेटशिवायच्या) गटात, तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांनाच.

माझा गुडघा एका निळ्या पट्टेवाल्याने घालवला. मी टॅप केलं होतं. तो म्हणाला कळलं नाही. शस्त्रक्रिया, नऊ महिने घरी. परत गेले तेव्हा तो होता, कुणीच त्याच्याशी रोल (सरावाची लढत) करत नव्हतं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्याने विचारलं की जो तो म्हणायचा, आज नको, पाठ धरलीये. अख्ख्या क्लासची पाठ एकदम धरली. दोन महिन्यांनी यायचा बंद झाला.

मधलीसुट्टी:
"अख्ख्या क्लासची पाठ धरली" 😂 भारी. गुडघा कसा आहे आता?

गाठसैल:
जिने चढताना बोलतो माझ्याशी.

तपकिरीपट्टा:
@गाठसैल, अर्धा सेकंद. अगदी तेच. जुडोत तर पायाचे लॉक बंदच आहेत आणि हाताचा फक्त कोपरावर चालतो. नियम करून करून करणार किती? शेवटी तो अर्धा सेकंद आपल्याच हातात असतो.

दप्तरवाला:
मला हा धागा थोडा पटला नाही. स्पष्ट बोलतो. शाळेत एक जण दोन वर्षं माझं दप्तर खिडकीबाहेर फेकायचा. शिक्षकांना सांगितलं, घरी सांगितलं, 'दुर्लक्ष कर' म्हणाले. मग बॉक्सिंग लावलं. आठ महिन्यांनी त्याने परत दप्तराला हात घातला तेव्हा एकच सरळ ठोसा. नाकातून रक्त. त्यानंतर दप्तर सुरक्षित. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. संयम, विनय वगैरे ज्याला कधी मार पडला नाही त्याने बोलायच्या गोष्टी. तुमच्या त्या माणसाने पोरांवर अंग टाकलं होतं ना? मग पडला तर पडला.

तपकिरीपट्टा:
तुम्ही स्वतःला वाचवत होतात. एक ठोसा मारून थांबलातही. मला तो पाडण्याआधी काहीच करत नव्हता, आणि पाडल्यावर विषय संपलाच होता. बाही मी मागच्या पंधरा जणांसाठी सोडली.

दप्तरवाला:
हं. तरीही.

दोनमिनिटं:
खेळ बघणारा माणूस आहे, करणारा नाही, तरी माझे दोन पैसे. मस्ती उतरायचं आदर्श उदाहरण म्हणजे ६ जुलै २०१३, मिक्स्ड मार्शल आर्ट्समधली अँडरसन सिल्वा विरुद्ध क्रिस वाइडमन. सिल्वाचे हात खाली, तोंड पुढे, लागल्याचं नाटक करून समोरच्याला चिडवतोय, आणि खरोखरचा डावा हूक आला. साडेसहा वर्षं सांभाळलेला पट्टा गेला. किंवा बॉक्सर नसीम हमेद, २००१. रिंगमध्ये येण्याचाच केवढा थाट असायचा त्याचा! बरेराने बारा राउंड शांतपणे धडा दिला.

खिडकीतला:
सिल्वावर अन्याय होतोय. तेच चाळे करून त्याने २००९ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिनला मागे सरकता सरकता झोपवलं होतं, तेव्हा सगळे म्हणाले वा, काय प्रतिभा. जिंकला की प्रतिभा, हरला की माज. हात खाली ठेवणं ही त्याची पद्धतच होती, त्यावर समोरचा चिडून अंतर चुकवायचा.

दोनमिनिटं:
मान्य. पण ऑलिंपिकवाला डच जुडोपटू अँटोन गीसिंक घ्या. टोकियो १९६४, जपानच्या घरच्या खेळात, खुल्या गटाच्या अंतिम लढतीत त्यांच्याच कामिनागाला धरून दाबला आणि जिंकला. आनंदाने वेडे झालेले डच समर्थक मॅटवर धावत यायला लागले तर याने हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. हरलेला अजून मॅटवर आहे म्हणून. तपकिरीपट्टाताईंच्या मागच्या पंधरा जणांवरून आठवलं.

सोळाऔंस:
अली-फोरमन, १९७४ पण! फोरमन कोसळताना अलीचा उजवा हात तयार होता, मारला नाही. ती क्लिप मी शेकडो वेळा बघितली असेल. सगळे पडणाऱ्या फोरमनकडे बघतात, त्या उजव्या हाताकडे बघा.

मधलीसुट्टी:
तोच अली त्याआधी आठ राउंड फोरमनच्या कानात काय काय बोलत होता तेही बघा मग 😄 गरीब गाय नव्हता तो.

रिकामाडबा:
आधी नुसतं वाचत होते, आता विचारतेच. माझा मुलगा ११ वर्षांचा, जुडोत केशरी पट्टा. गेल्या आठवड्यात शाळेतून फोन. वर्गातल्या एका मुलाला याने व्हरांड्यात पाडलं. तो मुलगा रडत होता, डोक्याला टेंगूळ. आमचा म्हणतो 'मी फक्त दाखवत होतो'. आणि सांगताना डोळ्यांत चमक होती, ती मला जास्त लागली. क्लास बंद करू का?

दप्तरवाला:
बंद करा. हत्यार आहे ते.

गाठसैल:
बंद नका करू! सरांना सांगा, फक्त मुलासमोर सांगा, पाठीमागे नको.

तपकिरीपट्टा:
@रिकामाडबा, मी काही तज्ज्ञ नाही, पण त्याला एक विचारा: त्या मुलाला पडायचं शिकवलं होतं का कुणी? मॅटवरच्या मुलाला पडणं येतं, हनुवटी छातीला, हाताने मॅटवर थाप. सुरुवातीचे कितीतरी दिवस आपण फक्त तेच शिकतो. व्हरांड्यातल्या मुलाला ते येत नाही आणि खाली फरशी असते. त्याच्या वयाच्या मुलांना 'वाईट वागलास' पेक्षा हे लवकर कळतं, असा माझा अनुभव. आणि सरांना सांगून पुढचे काही दिवस त्याला उके करा.

रिकामाडबा:
बघते. धन्यवाद. कुकरची शिट्टी झाली, येते परत.

उशिरालातूर:
जरा उलट्या बाजूने लिहितो. तो निळा पट्टा, तो नव्वद किलोवाला, तसा मी होतो. कुस्तीत. कुणी माझी मस्ती एका डावात उतरवली वगैरे नाही, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. जिंकतच होतो. धाकट्यांना चितपट केल्यावर छातीवर गुडघा ठेवून उठायचो. त्यात आपण काही चुकतोय असं वाटायचंच नाही, उलट वाटायचं की पोरं तयार होतायत. मग हळूहळू जोड मिळेना. वस्ताद स्वतः माझ्याशी धरायचे, तेही वय झालेलं असताना, कारण दुसरं कुणी उठत नव्हतं. ते मला वर्षभर लक्षात आलं नाही. मला वाटलं मान देतायत.

सोळाऔंस:
शेवटची ओळ 🙏

मधलीसुट्टी:
अवांतर: कपाट आवरताना माझीही जुडोगी (जुडोचा पोशाख) सापडली. सहा वर्षं बंद पिशवीत होती. वासाने मांजर घर सोडून गेलं. काही उपाय?

गाठसैल:
व्हिनेगर. गार पाण्यात भिजव, गरम नको, आटते. आणि उन्हात वाळव.

खिडकीतला:
किंवा पिशवीसकट पुरून टाका, सन्मानाने.

दप्तरवाला:
@तपकिरीपट्टा, त्या माणसाचं पुढे काय झालं? खांदा बरा झाला का?

तपकिरीपट्टा:
माहीत नाही. दोनेक वर्षांनी एकदा रस्त्याच्या पलीकडून जाताना दिसला. पिशवी डाव्या हातात होती. आता लोक डाव्या हातातही पिशवी धरतात, त्यावरून काही ठरत नाही. मी हाक मारली नाही.

दप्तरवाला:
बरं.

मधलीसुट्टी:
व्हिनेगर किती पण?

गाठसैल:
एक वाटी. मांजराला आधी बाहेर काढ.

मधलीसुट्टी:
ते गेलंच आहे म्हटलं ना.